केस गळले नाहीत म्हणून

पोळ्यानंतरचा सोमवार होता. बिल सतरा हजार आठशे रुपयांचं. हजर चौघं: काचेच्या आत मी, बाहेर नर्स स्वरूपा, आणि खिडकीशी उत्तमराव व त्यांच्या पत्नी शांताबाई. उत्तमरावांनी पाचशेच्या नोटांची चळत खिडकीतून आत सरकवली, पण तिच्यावरचं बोट काढलं नाही.

"आधी बाटल्या दाखवा," ते म्हणाले. "मंग पैसे."

मी आदिलाबादला एका खासगी केंद्रात केमोथेरपीची औषधं तयार करतो. पूर्वी आपल्याकडच्या कॅन्सरच्या पेशंटला नागपूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागे. आता कर्करोगाचे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस नागपूरहून येतात, एरवी आमच्या निवासी डॉक्टर बाई असतात, आणि सलाईन इथंच लागतं. लोक मला कंपाउंडर म्हणतात. मी दुरुस्त करत नाही, पण नोंद करून ठेवतो. मी पदवी घेतलेला औषधनिर्माता आहे.

माझं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ते संशयाचं काम आहे. डॉक्टरांनी डोस लिहिला की मी तो पुन्हा मोजतो. पेशंटची उंची आणि वजन यावरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात, आणि त्यावर औषध ठरतं. उत्तमरावांचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर आलं. त्यांच्या औषधाचा, पेमेट्रेक्सेडचा, हिशेब चौरस मीटरला पाचशे मिलिग्रॅम, म्हणजे आठशे. पाचशेची एक बाटली, शंभराच्या तीन. सोबतचं दुसरं औषध कार्बोप्लॅटिन, त्याचा डोस किडनी किती चालते त्यावर. मी मोजल्यावर स्वरूपा मोजते, आणि दोघांचा आकडा जुळला तरच सील तुटतं. डॉक्टरांवर माझा संशय आहे असं नाही. माझा माझ्यावरही विश्वास नाही, म्हणून स्वरूपाला उभी करतात.

मग गाऊन, मास्क, दोन-दोन हातमोजे, आणि एका काचेच्या कपाटात हात घालून औषध विरघळवायचं. कपाटातला पंखा हवा आत ओढत असतो, कारण ही औषधं निरोगी माणसाच्या अंगावर सांडणं बरं नाही. कॅन्सरची पेशी भराभर वाढते, आणि औषध भराभर वाढणाऱ्या पेशी गाठून मारतं. पण केसांची मुळं, तोंडाच्या आतली कातडी आणि हाडातली रक्त बनवणारी मज्जा, हेही भराभर वाढतात. आपलं कोण, परकं कोण, ते औषधाला कळत नाही. फक्त प्रत्येक औषधाची खोड वेगळी. सिस्प्लॅटिनने उलट्या होतात, किडनीला आणि कानाला धोका असतो. पॅक्लिटॅक्सेलने केस जातात, पायाला मुंग्या येतात. पेमेट्रेक्सेडने केस सहसा शाबूत राहतात. या शेवटच्या वाक्यावर उत्तमरावांचा कधीच विश्वास बसला नाही.

घरीही माझा हा स्वभाव जात नाही. दुधाची पिशवी आणली की तारीख पाहतो, उघडली की वास घेतो. बायको म्हणते, "एक दिवस माझंबी लेबल वाचसान तुमी." मी म्हणतो, वाचलं असतं तर बरं झालं असतं. असो.

उत्तमरावांना मी त्या दिवशी बाटल्या दाखवल्या. काचेला लावून एकेक फिरवून दाखवली. त्यांनी चष्म्यावर दुसरा चष्मा लावला.

"छपाई चांगली हाय," ते म्हणाले. "पण छपाई तर सगळ्याइचीच चांगली राह्यते."

"म्हणजे?"

"भाऊ, बेल्याले माह्यं कृषी केंद्र हाय. बी, खत, फवारणीचं औषध. सारी उमर त्यातच गेली. बोगस माल किती पाह्यला असंल मी? बाटली कंपनीची, झाकण कंपनीचं, होलोग्राम बी कंपनीचा. अन् आत पाणी. मी सोता लोकाइले शिकवलं, की पैले चार झाडाइवर मारून पाहा. अळी पलटी झाली पाह्यजे. नाई झाली, तं बाटली परत घेऊन या."

शांताबाई हळूच म्हणाल्या, "यायले सरकारी कार्डावर फुकट व्हत होतं तिकडं मोठ्या दवाखान्यात. नाई गेले."

"फुकट कोण असली माल देते काय?" उत्तमराव म्हणाले, आणि नोटांवरचं बोट उचललं.

पेमेट्रेक्सेड दहा मिनिटांत जातं. शंभर मिलीची लहानशी पिशवी, टपटप केली आणि संपली. कार्बोप्लॅटिनची पिशवी अजून लागायची होती. उत्तमरावांच्या खुर्चीशेजारी तलमडुगु गावच्या वनिताबाई बसल्या होत्या. त्या शाळेत शिक्षिका, रोग फुप्फुसाचाच पण जात वेगळी, म्हणून औषध पॅक्लिटॅक्सेल. ते तीन तास चालतं, वेगळ्या नळीतून. वनिताबाईंचे केस गेलेले, डोक्याला निळा रुमाल. उत्तमरावांनी त्यांची पिशवी पाहिली, स्वतःची पाहिली, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"ओ कंपौंडर," त्यांनी हाक मारली. "या बाईले तीन घंटे, अन् मले दहाच मिनिटं? पैसे तं मी रोख देले."

"औषध वेगळं आहे, उत्तमराव."

"यायच्या औषधात दम हाय. पाहा ना, केस गेले."

वनिताबाई पुस्तकातून मान न काढता म्हणाल्या, "शेठ, अदलाबदल करायची का? माझ्या पायाच्या मुंग्याही घेऊन जा. रात्री चप्पल पायात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

स्वरूपा हसली. उत्तमराव हसले नाहीत. त्यांनी केसांत हात फिरवून पाहिला आणि बोटं डोळ्यांजवळ नेली. एकही केस आला नाही.

जाताना त्यांनी रिकाम्या बाटल्या मागितल्या. मी नाही म्हणालो. रिकामी बाटली आमच्याकडे पिवळ्या पिशवीत जाते, संध्याकाळी लेबल फाडतात, आणि ती जाळायला पाठवली जाते. दोन कारणं: आत औषधाचा अंश उरतो, आणि दुसरं म्हणजे रिकाम्या बाटल्यांना गिऱ्हाईक असतं. महागाच्या औषधाची खरी बाटली, खरं लेबल मिळालं की आत काय भरायचं ते चोर ठरवतो. हे मी त्यांना सांगितलं.

"तेच तं मी म्हणून राह्यलो," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही मनात किडा वळवळला. बाटल्यांचा, होलोग्रामचा, भरलेल्या पाण्याचा एवढा तपशील ज्याला ठाऊक, त्याला माझ्या रिकाम्या बाटल्या कशाला हव्यात? मी शांताबाईंकडे पाहिलं. त्या पिशवीत डबा भरत होत्या. मी स्वरूपाला म्हणालो, यांच्या बाटल्या पिशवीत जातील तेव्हा मोजून टाक.

माझा संशय नेहमी खरा ठरतो असं नाही. मागे एक माणूस आईसाठी स्वतःच औषध घेऊन आला होता, कुठून तरी स्वस्तात. खोक्यावरचा बॅच नंबर एक आणि बाटलीवरचा दुसरा. मी मिसळायला नकार दिला. तो म्हणाला, "तुमच्या दुकानातलं घेतलं नाही म्हणून मिरची लागली का?" आरडाओरडा झाला, डॉक्टर बाई आल्या, त्यांनीही नकार दिला, आणि त्याच्या आईचं सलाईन आठवडाभर लांबलं. ते औषध खोटं होतं की दुकानदाराने नुसते खोके अदलाबदल केले होते, मला आजवर कळलं नाही. खरं असेल, तर त्या आईचा आठवडा मी वाया घालवला. तरीही उद्या तसंच समोर आलं तर मी मिसळणार नाही.

उत्तमरावांकडे येतो. पेमेट्रेक्सेडसोबत दोन साध्या वस्तू सक्तीच्या असतात. एक, व्हिटॅमिन बी-बाराचं इंजेक्शन, ते आम्ही देतो. दुसरी, फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी, पहिल्या सलाईनच्या आठवडाभर आधीपासून. हे औषध पेशीचं फॉलिक ॲसिड अडवून तिला मारतं, म्हणून चांगल्या पेशींसाठी थोडं वरून द्यावं लागतं. ते नसेल तर तोंड सोलतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पडतात, आणि माणूस कॅन्सरने नव्हे, तापाने जाऊ शकतो. गोळी लहान, पिवळसर, औषधांच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळते. महागाच्या बाटलीशेजारी ती कोणाच्या नजरेत भरत नाही.

दुसऱ्या वेळी आले तेव्हा मी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"हाव, चालू हायेत," उत्तमराव म्हणाले.

शांताबाई काही तरी बोलायला गेल्या. ते म्हणाले, "तू डबा काढ."

मी पुढच्या कामाला लागलो, कारण त्या दिवशी दुसरंच घडलं. पेमेट्रेक्सेडचा रंग ठरावीक नसतो. कधी पाण्यासारखा, कधी पिवळट, कधी हिरवट झाक. सगळे चालतात. पहिल्या वेळी पाण्यासारखा होता, या वेळी पिवळट आला. पिशवी स्टँडला लागताच उत्तमराव उठून बसले.

"थांबा! हे पैले नव्हतं. पैले पांढरं होतं, आता पिवळं काऊन?"

मी समजावलं. बाटलीसोबतचा छापील कागद आणून दाखवला, त्यात रंगाबद्दल स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांनी तो पूर्ण वाचला, इंग्रजी शब्द अडेल तिथे स्वरूपाला विचारत. ती तेलुगूतून सांगायची, ते मान हलवायचे.

"कागद खरा हाय," ते शेवटी म्हणाले. "लावा."

संध्याकाळी मी पिवळी पिशवी तपासली. उत्तमरावांच्या पेमेट्रेक्सेडच्या चार बाटल्या उघडल्या होत्या. पिशवीत तीन. शंभराची एक नव्हती.

मी सगळीकडे शोधलं. कपाटाखाली, बेसिनमध्ये, स्वरूपाच्या ट्रेमध्ये. सफाईवाल्या लक्ष्मम्माला विचारलं, तर ती रडायला लागली, कारण अशा वेळी पहिला हात कोणावर पडतो ते तिला ठाऊक होतं. मी तिला म्हणालो, तुझ्यावर नाही. मला नाव माहीत होतं. मी उत्तमरावांना फोन लावला.

"बाटली तुमच्याकडे आहे का?"

"कोनती बाटली?"

"शंभराची रिकामी."

"भाऊ, माह्या दुकानात बाटल्याच बाटल्या हायेत. झडती घ्याले या."

मी गेलो नाही. बेला लांब नाही, मोटरसायकलने सहज जाता येतं, पण रिकाम्या बाटलीसाठी पेशंटच्या घरात शिरणारा औषधनिर्माता मला व्हायचं नव्हतं. डॉक्टर बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी विचारू.

पुढची वेळ लवकर आली. दहाएक दिवसांनी शांताबाईंनी त्यांना गाडीतून आणलं. ताप एकशे तीन. ओठांवर पांढरे चट्टे, जीभ सोललेली, पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांत पाणी. रक्त तपासलं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी निदान दीड हजार असाव्यात. त्यांच्या तीनशे निघाल्या. डॉक्टर बाईंनी वेगळी खोली दिली, अँटिबायोटिक सुरू केलं, नागपूरला फोन लावला. मी पेशी वाढवणारं इंजेक्शन काढून देत होतो. डॉक्टर बाई शांताबाईंना म्हणाल्या, "एवढं व्हायला नको होतं. रोजची गोळी घेत होते ना?"

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. उत्तमरावांना बोलता येत नव्हतं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"मिरचीच्या कुंडीत गेल्या गोळ्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"साऱ्या. पैल्या दिसापासून. हे म्हणे, हे तं टॉनिक होय. फवारणीत टॉनिक मिसळलं का औषधाचा जोर मरते, अन् दवाखान्यावाले मुद्दाम टॉनिक देऊन राह्यले, म्हणजे औषध बोगस असलं तं कोनाले समजू नाई. टॉनिक बंद केलं का खरं काय ते दिसंल, म्हणे. रोज एक गोळी पान्यात घोळून मिरचीले. मिरच्या अश्या लागल्या साहेब, तोडून तोडून थकली मी."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगाले लागली तं डबा काढाले लावला ना यायनं."

मी डोस मोजला होता, बॅच पाहिले होते, बाटल्या मोजल्या होत्या, बाटलीच्या चोराचा माग काढला होता. गोळीची रिकामी पट्टी मात्र मी पाहायला मागितली नव्हती. तिला पाहण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं.

शांताबाईंनी सोबतच्या थैलीतून एक पुडकं काढलं. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर दोरा. आत शंभराची बाटली.

"हेबी घ्या. मी हात नाई लावला. लक्ष्मम्मा पिशवी बांधून राह्यली होती, तवा यायनं तिले पानी आनाले पाठवलं अन् उचलली. मंग बाटलीवरच्या नंबरवर कंपनीले फोन केला यायनं. कंपनी म्हणे, नंबर आमचाच. मंग हे म्हणे, बाटली खरी, आतलं पानी."

मी हातमोजे घातले आणि ते पुडकं थेट पिवळ्या पिशवीत टाकलं. मग लक्ष्मम्माला शोधून सांगितलं की बाटली मिळाली, आणि ती कशी गेली होती. ती म्हणाली, "दोरिकिंदा? सापडली? बरं झालं," आणि फरशी पुसू लागली. पण त्यानंतर पेशंटने पाणी मागितलं की ती आधी पिशवीला गाठ मारते, मग पाण्याला जाते.

चार दिवस उत्तमरावांचा ताप वर-खाली होत राहिला. औषध खोटं नाही, हे त्यांना पटलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर बाईंनी एक प्रतिकारक औषध नसेतून सुरू केलं होतं, तेही फॉलिक ॲसिडच्याच घरातलं. मी तयार करून नेलं. उत्तमरावांनी पिशवीवरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हाताने खूण केली: कागद, पेन.

कागदावर लिहिलं, "हे टॉनिक का?"

"हो," मी म्हणालो. "जोरदार टॉनिक."

त्यांनी बराच वेळ पिशवीकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

पाचव्या दिवशी ताप उतरला. पेशी नऊशे, मग सोळाशे. तोंड भरायला आणखी वेळ लागला. पहिला शब्द बोलले तो वनिताबाईंशी. त्या त्यांच्या सलाईनसाठी आल्या होत्या, दारातून डोकावल्या.

"काय शेठ, दम निघाला का औषधात?"

"माहाच निघाला ना, मॅडम," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पन केस हायेत अजून."

"आता गोळ्या तुम्ही खा आणि मिरच्यांना केस घाला," वनिताबाई म्हणाल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. गाठ आक्रसली होती, जवळजवळ अर्ध्याने. पूर्ण बरं होणं या आजारात, या टप्प्यावर, आम्ही कोणाला सांगत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की औषध लागू पडतंय, बंद करायला नको, फक्त पाऊण डोस द्यायचा. आणि गोळी चुकली तर पुढचं सलाईन नाही.

तिसऱ्या वेळेआधी आठवडाभर शांताबाई रोज सकाळी मला फोन करत. मी सांगितलं नव्हतं. "घेतली," एवढाच शब्द, आणि फोन बंद. मी मात्र विचारत असे, "गिळली का?" मग त्या मागे वळून ओरडत, "तोंड उघडा! जीभ वर करा!" आणि मला दोघांचा आवाज येई.

त्या दिवशी मी आकडा पुन्हा काढला. आठशेचा पाऊण म्हणजे सहाशे. पाचशेची एक, शंभराची एक. स्वरूपाने मोजलं, जुळलं. उत्तमराव खिडकीशी आले. गाल आत गेलेले, चष्म्यावर दुसरा चष्मा तसाच.

"दोनच बाटल्या?"

"डॉक्टरांनी कमी केलं आहे. तुमच्या रक्ताला झेपेल तेवढं."

"अन् पैसे?"

"दोन बाटल्यांचे तीन हजार चारशे कमी."

त्यांनी बिल उजेडात धरून बेरीज तपासली, वरून खाली, मग खालून वर. बेरीज बरोबर होती. खिशात हात घातला, तर खिसा रिकामा.

"पैसे माह्याकडं हायेत," शांताबाई मागून म्हणाल्या. "अन् गोळ्याबी. अन् दुकानाची किल्लीबी. आता यायच्या हाती काईच नाई देत मी."

"अवो, मी फक्त पाहून राह्यलो होतो..."

"पाह्यलं न तुमी. खुर्चीवर बसा आता."

ते गेले. शांताबाईंनी कमरेची पिशवी सोडली, नोटा मोजल्या, ओठ हलवत. चौदा हजार चारशे. मी मोजल्या, पाचशेच्या नोटा दिव्याखाली धरून पाहिल्या. त्या पाहत राहिल्या, वाईट वाटून घेतलं नाही.

"रसीद माह्या नावानं करा," त्या म्हणाल्या.

पावती पेशंटच्याच नावाने निघते, असा नियम आहे. मी उत्तमरावांचं नाव घातलं, आणि खाली हाताने लिहिलं: रोख चौदा हजार चारशे, शांताबाईंकडून मिळाले. शिक्का मारला. त्यांनी ते अक्षर लावून वाचलं, घडी घातली, आणि म्हणाल्या, "लावा आता. कोनत्या का रंगाचं असंना."